अलास्काच्या सफरीस निघण्यापूर्वीं

मुलगा किंवा पुतण्या अमेरिकेंत नोकरीस, वडील मंडळी उन्हाळ्यांत त्याच्याकडे मुक्कामास गेलेली, आणि "यंदा तुम्हांला अलास्का दाखवतों, बसल्या जागीं सारें दिसतें, चालायचें काम नाहीं," असें त्याचें आग्रहाचें बोलणें, हा प्रसंग आतां आपल्या पुष्कळ घरांत घडूं लागला आहे. पूर्वीं काशीयात्रेस निघालेल्या माणसाकडे आळींतलीं जाणतीं माणसें येऊन शिधा किती न्यावा, पंड्याशीं कसें बोलावें, कोणत्या घाटावर पाय घसरतो हें सांगून जात. अलास्कास जाणारास असें कोणी भेटत नाहीं. जहाज-कंपन्यांच्या पत्रकांत निळें बर्फ आणि हंसरे चेहरे तेवढे असतात. पाय कोठें घसरतो हें त्यांत नसतें. २०२४ च्या जुलै महिन्यांत आम्ही घरचीं आठ माणसें सिॲटलहून या सफरीस जाऊन आलों. सर्वांत धाकटें माणूस सहा वर्षांचें. सर्वांत थोरल्या माझ्या जाऊबाई, वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांनीं अधू. "बसल्या जागीं सारें दिसतें" हें वाक्य अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें कसें संभाळावें एवढेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा भूगोल. अलास्का हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अगदीं वायव्येकडील, कॅनडामुळें मुख्य देशापासून तुटलेला प्रदेश. १८६७ सालीं तो रशियाकडून ७२ लाख डॉलरांस विकत घेतला गेला आणि १९५९ सालीं त्यास इतर संस्थानांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. उतारूंच्या बोटी जातात त्या बहुतेक त्याच्या आग्नेय भागांत, म्हणजे कॅनडाच्या किनाऱ्यालगत खालीं उतरलेल्या चिंचोळ्या पट्टींत. असंख्य बेटें, त्यांच्यामधून गेलेल्या खोल अरुंद खाड्या, पाण्यापासून थेट वर चढलेलीं सूचिपर्णी अरण्यें आणि माथ्यावर बर्फ. आपल्या कोंकणच्या खाड्या डोळ्यांपुढें आणाव्या, त्यांच्या कांठचे डोंगर कित्येक पट उंच करावे, नारळी-पोफळींच्या जागीं देवदारासारखीं झाडें उभीं करावीं, म्हणजे चित्र बरेंचसें तयार होतें. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यांत पाऊस कमी, पण थंडी अधिक. जुलै-ऑगस्टांत ऊब असते, देवमासे दिसतात, आणि गर्दीही तशीच असते. सप्टेंबरांत पावसाचा जोर वाढतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती बोटीची नसून कागदांची आहे. या मोठ्या बोटी अमेरिकन उतारूंनीं भरलेल्या असल्या तरी त्यांच्यावर निशाण असतें तें बहामा, पनामा, बर्म्यूडा, नेदर्लंड्स अशा देशांचें. परदेशी निशाणाच्या बोटीनें मध्यें एकाही परक्या बंदरास न लागतां नुसत्या अमेरिकेच्याच बंदरांमधून उतारूंची ने-आण करूं नये, असा १८८६ सालचा एक कायदा आहे. देशी जहाजवाल्यांचा धंदा राखण्यासाठीं तो झाला. ते जहाजवाले गेले, कायदा राहिला. म्हणून सिॲटलहून निघालेली बोट परततांना, बहुधा शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं, कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरास कांहीं तास लागते. २०२१ सालीं साथीमुळें कॅनडानें आपलीं बंदरें बंद ठेविलीं तेव्हां अलास्काचा सारा हंगामच बुडण्याची वेळ आली, आणि अमेरिकेच्या कायदेमंडळास मे महिन्यांत खास तात्पुरती सूट द्यावी लागली. तेव्हां ते चार तास शोभेचे नव्हेत. त्यांच्यासाठीं भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसापाशीं कॅनडाचा व्हिसा असावा लागतो, मग तें माणूस तेथें पाय ठेवो अथवा खोलींत निजून राहो. ज्यास अमेरिकेंत कायमच्या वास्तव्याचें ग्रीन कार्ड मिळालें आहे त्यास पासपोर्ट व तें कार्ड पुरतें. तेथें जन्मलेल्या नातवंडांस त्यांचा अमेरिकन पासपोर्ट पुरतो. अडतें तें आजी-आजोबांचें. एका घरांतल्या आठ माणसांचे तीन प्रकारचे कागद असतात, आणि तिकिटें काढणारा तरुण मनुष्य आपल्या कागदांच्या हिशेबानें सर्वांचा विचार करतो, तेथेंच घात होतो.

सिॲटलच्या धक्क्यावर रांगेंत आमच्यापुढें एक भारतीय कुटुंब होतें : नवरा-बायको, दोन मुलें आणि नवऱ्याची वृद्ध आई. खिडकीवरील बाईनें एकेक पासपोर्ट पाहिला, आणि त्या वृद्ध बाईंचा मात्र दोनदां उलटून परत दिला. कॅनडाचा व्हिसा नव्हता. मुलगा आधीं समजावीत होता, मग विनवीत होता. आई एवढेंच म्हणत होती कीं, तुम्ही सगळे जा, मी घरीं राहातें, मला तिथें काय कमी आहे. शेवटीं सुनेनें आपली पेटी बाजूस काढली, मुलांच्या पाठीवरून हात फिरविला, आणि सासूबाईंचा हात धरून ती टॅक्सीच्या दिशेनें निघून गेली. पुढें आठवडाभर तो गृहस्थ जेवणघरांत दिसे. त्याच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या असत. त्या सुनेबद्दल माझ्या मनांत मोठा आदर आहे. पण असा आदर वाटण्याचा प्रसंग कोणावर येऊं नये. म्हणून कॅनडाचा व्हिसा शक्य तर भारतांतून निघण्यापूर्वींच, निदान तीन-चार महिने हातीं ठेवून मागावा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि शिक्क्यासाठीं पासपोर्ट कांहीं दिवस हातावेगळा करावा लागतो. ऐन मुक्कामांत हें करणें जिवावर येतें. अमेरिकेचा व्हिसाही पुन्हां पुन्हां प्रवेश देणारा आहे ना, हें एकदां चष्मा लावून वाचावें. शिवाय नांवांचा घोळ. आपल्याकडे स्वतःचें, पतीचें वा पित्याचें आणि आडनांव अशीं तीन नांवें. पासपोर्टावर जीं असतील तींच तिकिटावर घालावीं. हौसेनें लाडकें नांव घातलेलें तिकीट आमच्याच एका परिचित बाईंस धक्क्यावर तासभर उभें करून गेलें.

बोट कोठून निघते हेंही पाहावें. सिॲटलची बोट बहुधा व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरांतून जाते, आणि पहिले दोन दिवस ती डुलते. कॅनडांतल्या व्हँकूव्हर शहरांतून निघणारी बोट बेटाच्या आंतल्या बाजूनें, खाडीसारख्या निवांत पाण्यांतून जाते. ज्यांस रेवस-मुंबईच्या लाँचमध्येंही मळमळतें त्यांनीं दुसरा मार्ग घ्यावा. पहिलाच घेणें सोयीचें असेल तर खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागावी. फळीच्या मध्यावर बसलेलें मूल टोंकावरच्या मुलाहून कमी उसळतें, त्यांतलाच हा प्रकार. मळमळीची गोळी डॉक्टरांस विचारून घ्यावी, आणि मळमळ सुरू होण्यापूर्वीं घ्यावी. नंतर तिचा उपयोग थोडा. सज्जा असलेली खोली महाग पडते. धडधाकट माणसांस ती मुळींच नको. त्यांनीं उघड्या डेकवर जावें. परंतु ज्यांस जिने-लिफ्ट करवत नाहींत, त्यांच्यासाठीं तो सज्जा म्हणजेच अलास्का आहे. आम्ही सज्जाची एकच खोली घेतली, ती भावजी व जाऊबाईंस दिली, आणि बाकीचीं सहा माणसें बिनखिडकीच्या खोल्यांत राहिलों. दिवसभर सर्वांचा अड्डा त्या एका सज्जांत असे. एकत्र कुटुंबाचे असेही कांहीं फायदे आहेत.

खाण्याचा प्रश्न आपल्या मंडळींस सर्वांत मोठा वाटतो, आणि तोच सर्वांत लवकर सुटतो. तिकीट काढतांनाच शाकाहारी असल्याचें लेखी कळवावें, आणि पहिल्या रात्रीं जेवणघराच्या मुख्य माणसास भेटून तें पुन्हां तोंडीं सांगावें. नुसतें "मांस खात नाहीं" हें पुरत नाहीं. भाजीच्या साराचा आधार कोंबडीचें वा मासळीचें पाणी असूं शकतो, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडांचा जिलेटिन असतो, हें विचारून घ्यावें. घरून विजेची शेगडी, भाताचें भांडें, इस्तरी असलें कांहीं नेऊं नये. तें धक्क्यावरच काढून ठेवितात. सीलबंद फरसाण, चिवडा, मेतकूट चालतें. मात्र बोटीवरचें फळ वा उरलेली पोळी पिशवींत घालून बंदरावर उतरूं नये. दोन्ही देशांचे अधिकारी त्या बाबतींत कडक आहेत.

पुष्कळ बोटींवर वाढपी, आचारी, खलाशी आपल्या मुंबई-गोव्याकडचे असतात. गोव्यांत बोटीवरच्या नोकरीस जाणारास तारवटी म्हणतात, आणि तेथें कित्येक घरांची चूल पिढ्यान् पिढ्या याच नोकरीवर चालत आली आहे. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगांवच्या बाजूचा निघाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें जाऊबाईंजवळ वांकून हळूच विचारलें, "आजी, तुमकां शीत-वरण हाडूं?" जाऊबाईंनीं त्याच्याकडे असें पाहिलें कीं, पुढें हिमनदीकडेही त्यांनीं तसें पाहिलें नसेल. अशा मुलांस मान द्यावा. तीं महिनोन् महिने घराबाहेर असतात. बक्षिशीची रक्कम दर माणशीं दर दिवसाची म्हणून खात्यावर आपोआप चढते, आणि तिकिटाच्या आंकड्यांत ती बहुधा धरलेली नसते, हें खर्चाचा अंदाज करणारानें आधींच मांडून ठेवावें. आषाढी एकादशी आम्हांस बोटीवरच आली. पंचांग पुण्याचें कीं अलास्काचें यावर भावजी व आमचे हे यांचा एक घटका वाद झाला. तोंपर्यंत त्या मुलानें उकडलेले बटाटे व फळें आणून ठेविलीं होतीं. सायंसंध्या करणारांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं, जूनच्या अखेरीस तिकडे दिवस अठरा तासांहून मोठा असतो, सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो आणि पहांटे चारच्या सुमारास पुन्हां हजर असतो. झोंपेसाठीं डोळ्यांवर बांधावयास काळी पट्टी न्यावी.

कपड्यांविषयीं थोडक्यांत : एक जाड कोट नेण्यापेक्षां एकावर एक घालतां येतील असे तीन पातळ गरम कपडे आणि वरून पाणी न शिरणारें जाकीट. छत्री वाऱ्यापुढें टिकत नाहीं. पातळ नेसणाऱ्या बायकांनीं आंतून लोकरी विजार घालावी व पायांत धरून राहाणारे बूट घालावे. चप्पल या प्रवासांत वैरीण आहे. याचें कारण भरती-ओहोटी. त्या खाड्यांत समुद्राचें पाणी कधीं कधीं वीस फुटांपर्यंत चढतें-उतरतें, आणि बोटीवरून धक्क्यावर जाण्याची जी उतरती शिडी असते ती सकाळीं सपाट असली तर दुपारीं चढणीची होते. म्हाताऱ्या माणसांनीं उतरण्यापूर्वीं त्या दिवशींच्या भरतीची वेळ विचारावी. चाकांची खुर्ची मागण्यांत कमीपणा नाहीं. जाऊबाईंस ती नको होती, पण "आई, तुला बसवून मला ढकलायची आहे," असें नातवानें म्हटल्यावर त्या बसल्या. तो त्यांना आईच म्हणतो.

औषधें हातांतल्या पिशवींत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दहा दिवसांची अधिक. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचें बिल मोठें असतें आणि तें जागच्या जागीं द्यावें लागतें. म्हणून विमा घ्यावा, आणि रुग्णास विमानानें हलविण्याचा खर्च त्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. बाटलींतला द्रव चोळून भागत नाहीं; बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-ओकारीच्या एका विषाणूवर त्याचा परिणाम फारसा होत नाहीं. आपल्या आज्यांनीं घातलेली शिस्तच येथें कामास येते.

आतां बंदरें. पहिलें केचिकन. येथें वर्षास सुमारें १५० इंच पाऊस पडतो. महाबळेश्वर त्याहून अधिक भिजतें, पण चार महिन्यांत भिजून मोकळें होतें. केचिकन बारा महिने ठिबकत असतें. पावसासाठीं खोळंबून राहूं नये. गांवाबाहेर सॅक्समन नांवाची ट्लिंगिट लोकांची वस्ती आहे, तेथें अवश्य जावें. तांबड्या सीडर वृक्षाच्या अखंड बुंध्यांतून कोरलेले उंच खांब तेथें उभे आहेत. कावळा, गरुड, अस्वल, देवमासा अशीं चित्रें एकावर एक रचलेलीं असल्यामुळें हीं त्यांचीं दैवतें असावींत असें वाटतें, तसें नाहीं. तो कुळाचा इतिहास आहे. या लोकांत कावळा आणि गरुड असे दोन मोठे पक्ष आहेत. कुळ आईकडून चालतें, आणि जुन्या रीतीनें आपल्याच पक्षांत लग्न निषिद्ध. सगोत्र विवाहाचा निषेध आपल्याला कोणी नव्यानें सांगावयास नको, पण गोत्र आईचें ही कल्पना आमच्या भावजींस बराच वेळ पचली नाहीं.

त्या वस्तींतला एक खांब मला सर्वांत आवडला. अलास्का विकत घेण्याचा करार ज्यानें जुळविला तो मंत्री स्यूअर्ड १८६९ सालीं या भागांत आला. एका ट्लिंगिट सरदारानें त्याचें मोठें आतिथ्य केलें, मेजवानी दिली, मोलाच्या वस्तु भेट दिल्या. त्यांच्या रीतीप्रमाणें अशा मानाची परतफेड करणें हें पाहुण्याचें कर्तव्य. स्यूअर्डनें ती कधींच केली नाहीं. तेव्हां त्या लोकांनीं त्याची मूर्ति खांबाच्या टोंकावर पेटीवर बसविली, आणि लाज म्हणून तिचें नाक व कान तांबडे रंगविले. जाऊबाई खुर्चींतून वर पाहात म्हणाल्या, "आहेर घेऊन उलटा न करणारांचीं नांवें आपण वहींत लिहून ठेवतों. यांनीं खांबावर ठेवलीं, एवढाच फरक." सारी सफर त्यांना दाखविण्यासाठीं योजलेली होती, या ठिकाणीं त्यांनीं ती आम्हांला दाखविली.

जूनो ही अलास्काची राजधानी. पण तिला बाहेरच्या जगाशीं जोडणारी एकही सडक नाहीं. मागें डोंगर व बर्फ, पुढें पाणी. याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, बोट चुकली तर पुढचें बंदर विमानानें किंवा दुसऱ्या बोटीनेंच गांठावें लागतें, आणि बोट थांबत नाहीं. कंपनीच्या स्वतःच्या सहलींतून परतण्यास उशीर झाला तर तेवढी ती वाट पाहाते. बाहेर स्वस्तांत ठरविलेल्या सहलीसाठीं पाहात नाहीं. स्वस्त सहल घेऊं नये असें मी म्हणत नाहीं, आम्हीही घेतली. मात्र परतण्यास दोन तास राखून ठेवावे. शिवाय अलास्काचें घड्याळ सिॲटलच्या एक तास मागें आहे, आणि मोबाइल केव्हां कोणतें घड्याळ धरील याचा नेम नसतो. हातावर एक साधें घड्याळ बांधावें आणि तें बोटीच्या वेळेस लावून ठेवावें.

येथून लहान बोटींतून देवमासे पाहावयास नेतात. हंपबॅक जातीचे हे प्रचंड जीव हिवाळ्यांत हवाई बेटांच्या उबदार समुद्रांत जातात, तेथें माद्यांचीं बाळंतपणें होतात, आणि त्या काळांत त्या जवळजवळ उपाशी असतात. उन्हाळ्यांत येथें येऊन वर्षाची भूक भागवून घेतात. कधीं कधीं पांच-सहा देवमासे मिळून पाण्याखालून बुडबुड्यांचें कडें सोडतात, त्यांत बारीक मासळी कोंडतात, आणि सगळे एकदम तोंडें उघडून वर येतात. आम्हांस तें दिसलें नाहीं. एक पाठ, एक शेपूट आणि श्वासाचा तो उग्र मासळीचा वास एवढेंच मिळालें, आणि तेवढ्यानें पुरेसें झालें. दर दोन माणसांमागें एक दुर्बीण असावी. आठांत एक होती म्हणून आमच्या घरांत दोन दिवस अबोला होता.

स्कॅग्वे हें गांव सोन्याच्या वेडानें वसविलेलें. १८९६ च्या ऑगस्टांत कॅनडांतल्या क्लाँडाइक भागांत सोनें सांपडलें, आणि पुढच्या दोन वर्षांत लाखभर माणसें तिकडे धांवलीं. त्यांतलीं थोडींच पोंचलीं. उपासमार होऊं नये म्हणून कॅनडाच्या पोलिसांनीं नियम केला कीं, प्रत्येकानें वर्षाची शिधासामुग्री आणल्याखेरीज सरहद्द ओलांडूं नये. सामान झालें माणशीं सुमारें एक टन. तें पाठीवरून थोडथोडें वाहून नेण्यासाठीं माणसें एकाच बर्फाळ घाटानें पंचवीस-तीस वेळां चढलीं. आपल्या घरांतील वर्षाचें धान्य भरणाऱ्या गृहिणीस या एक टनाचा अर्थ पुरुषांहून अधिक चांगला कळेल. १८९८ ते १९०० या काळांत येथून बांधलेली अरुंद रुळांची आगगाडी आज उतारूंस शिखरापर्यंत नेऊन आणते. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. रुळांतलें अंतर तीन फूट. आपल्या माथेरानचें दोन. जातांना डाव्या हाताची जागा धरावी. गुडघेदुखीच्या माणसांस सबंध सफरींत याहून सोयीची सहल नाहीं.

आतां हिमनद्या, ज्यांच्यासाठीं सारा खटाटोप. तिकिटापूर्वींच विचारावें कीं, ही बोट ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानांत शिरते काय. कारण तेथें दिवसास दोनच मोठ्या बोटी सोडतात. बाकीच्या दुसऱ्या खाड्यांत जातात. त्याही सुंदर आहेत, पण त्या वाटा नेहमीं खुल्या असतातच असें नाहीं. त्यांतल्या ट्रेसी आर्म नांवाच्या खाडींत १० ऑगस्ट २०२५ रोजीं डोंगराचा प्रचंड भाग कोसळून मोठी लाट उठली. पहांटेची वेळ असल्यामुळें प्राणहानि झाली नाहीं. कप्तानानें मार्ग बदलला तर त्याच्यावर रागावूं नये.

ग्लेशियर बे ही खाडी फार जुनी नाहीं. १७९४ सालीं व्हँकूव्हरच्या तांड्यांतले लोक तेथें आले तेव्हां तिच्या तोंडाशींच बर्फाची भिंत उभी होती. आंत खाडी नव्हतीच. आज तें बर्फ सुमारें ६५ मैल मागें हटलें आहे, आणि त्या सगळ्या जागेंत पाणी आहे. त्याच्याही आधीं तेथें हूना ट्लिंगिट लोकांची वस्ती होती. अठराव्या शतकांत बर्फ वेगानें पुढें सरकलें आणि त्यांना गांव सोडावा लागला. सर्व निघाले, पण घरांतील एक स्त्री मागें राहिली, आणि ती बर्फाखालीं गेली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. बर्फ हटल्यावर तो प्रदेश सरकारी उद्यान झाला. तेथें त्यांचें म्हणून एक कुलगृह पुन्हां उभें राहिलें तें २०१६ सालीं.

त्या दिवशीं उद्यानाचे अधिकारी बोटीवर येऊन माहिती सांगतात. तें इंग्रजी जलद असतें. नातवंडांनीं आजी-आजोबांजवळ बसून तें मराठींत सांगावें. मार्जरी नांवाच्या हिमनदीपुढें बोट बराच वेळ उभी राहाते व सावकाश वळते, म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांस दर्शन घडतें. धांवपळ करूं नये. भिंत मैलभर रुंद, पाण्यावर सुमारें २५० फूट उंच. तिचा निळा रंग पाण्याचें प्रतिबिंब नव्हे. शतकानुशतकें दाबल्या गेलेल्या बर्फांत प्रकाशांतला तांबडा भाग जिरून जातो व निळा तेवढा बाहेर येतो. आभाळ भरलें असतां तो अधिक खुलतो. कडा तुटून पडतांना तोफेसारखा आवाज होतो, पण बोट दूर असल्यामुळें आधीं दिसतें व मग ऐकूं येतें. आवाज ऐकून मान वळविणारास पाण्यावरचीं वर्तुळें तेवढीं दिसतात. म्हणून गप्पा थांबवून नजर भिंतीवर ठेवावी. भावजी चाळीस मिनिटें कठड्याशीं तसे उभे होते. दोन कडे कोसळले, आणि दोन्ही त्यांनीं पाहिले.

समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्यांचें पुढें-मागें होणें हा त्यांचा स्वभावच आहे. परंतु जूनोजवळची मेंडेनहॉलसारखी हिमनदी सारखी मागें चालली आहे, आणि तिच्या बाजूस सांठणारें पाणी २०११ पासून वेळोवेळीं फुटून खालच्या वस्तींत शिरतें आहे. जगाचा वाढता उष्मा हें याचें कारण आहे, आणि आपल्याला तेथें नेणारी बोट रात्रंदिवस तेल जाळते, हें विसरतां येत नाहीं. जूनोकरांनीं २०२४ पासून दिवसास पांचच मोठ्या बोटींची मर्यादा घातली, ती मला योग्य वाटते. मग जावें कीं नाहीं? जन्मांत एकदां, आणि घरांतल्या ज्या माणसास पुढें जाणें शक्य नाहीं त्याला घेऊन, जावें असें माझें मत आहे. दर वर्षीं जाणारांविषयीं माझें मत निराळें आहे.

शेवटच्या रात्रीं पेट्या दाराबाहेर ठेवाव्या लागतात. त्या एकदम धक्क्यावर मिळतात. औषधें, पासपोर्ट, चष्मा, दांतांची डबी आणि दुसऱ्या दिवशीं नेसावयाचे कपडे आधीं बाजूस काढून मगच पेटीस कुलूप घालावें. आमच्या शेजारच्या खोलींतील एका सद्गृहस्थानें सगळे कपडे पेटींत भरून पेटी बाहेर ठेविली, आणि सकाळीं त्यास पायजम्यावरच अमेरिकेच्या अधिकाऱ्यापुढें उभें राहावें लागलें. अधिकाऱ्यानें कांहीं विचारलें नाहीं. शिक्का मारला, आणि पुढच्या माणसास हांक मारली.